सर्पदंशाचा सर्वाधिक फटका कोणाला बसतो आणि का?

ज्याचं पोट रानावर आहे त्याला. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातली बहुतेक खेड्यातली आणि निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये.

मी पन्हाळा तालुक्यातला, ऊस-भात करणारा. आमच्याकडं पाऊस संपला तरी धोका संपत नाही, कारण शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. मग एकटा माणूस खोरं आणि बॅटरी घेऊन उसात दारं धरत, म्हणजे सरीसरीनं पाणी सोडत, उभा. बिळात पाणी शिरलं की उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्या मागावर घोणस असतेच. वाळक्या पाल्यात ती फुस्कारली तरच कळते. गमबूट घाला म्हणतात, बरोबरच आहे. पण चिखलाच्या सरीत तो घालून एकदा चालून बघा.

बायकांचा हात आधी जातो. भांगलताना, म्हणजे तण काढताना गवतात, घरी जळणात, शेणीच्या रचलेल्या हुडव्यात.

मण्यारीची गोष्ट निराळी. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे पित्त समजून ओवा देतात. पापण्या मिटायला लागल्या की मग धावपळ सुरू, तोवर श्वास अडकायला लागलेला असतो. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यानंही बराच फरक पडतो.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीतल्या धनगरवाड्यांवरून डांबरी रस्ता गाठण्यातच वेळ जातो. त्यात कुणी आधी देवऋषाकडं नेलं तर बघायलाच नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं विषावरचं इंजेक्शन, एकच आहे, त्यामुळं साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. पण श्वास बंद पडत असेल तर नुसती लस पुरत नाही, व्हेंटिलेटर लागतो. तो बहुधा कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यातच.

आता पैशाचं. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून सर्पदंशानं मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात, पण सातबारावरचा खातेदार किंवा त्याच्या घरातला एक माणूस असेल तरच. त्याच रानात भांगलणीला येणारी, नावावर गुंठाभरही जमीन नसलेली मजूर बाई त्यात बसत नाही.