प्रौढ साक्षरता: मानधन गेलं कुठे?

प्रश्न : पूर्वी रात्रीच्या वर्गाच्या शिक्षकाला पैसे मिळत. आता ‘उल्लास’ या केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेत सगळं फुकट करा म्हणतात. हे कधी बदललं?

उत्तर : बदल एकदाच झाला नाही, दोनदा झाला. २ ऑक्टोबर १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात केंद्रचालकाला, म्हणजे वर्ग घेणाऱ्याला, महिना ५० रुपये मिळत. वर्ग साधारण ३० जणांचा, १५ ते ३५ वयाचा. १९८८ च्या साक्षरता मिशननंतर जिल्हा हा कामाचा घटक झाला. पैसा जिल्हा साक्षरता समितीकडे, केंद्र-राज्य वाटा २:१, आणि शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक. खर्च पुस्तिका, प्रशिक्षण, कलापथकं यांवर. मोहिमेचा जोर ओसरला की वर्ग बंद पडत आणि नुकतं सही करायला लागलेला माणूस पुन्हा अंगठ्यावर येई.

यावर उतारा म्हणून २००९ च्या ‘साक्षर भारत’ने ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र काढलं, ते चालवायला दोन प्रेरक नेमले, प्रत्येकी महिना २,००० रुपये. (वर्ग घेणारा स्वयंसेवक तेव्हाही बिनपगारीच, हे लोक विसरतात.) ३१ मार्च २०१८ ला योजना संपली, प्रेरकही गेले.

आताच्या ‘उल्लास’ योजनेला २०२२-२७ साठी १,०३७.९० कोटी आहेत, त्यातले ७०० कोटी केंद्राचे. उद्दिष्ट ५ कोटी लोकांचं. भागाकार करा: माणशी २०८ रुपये, तेही पाच वर्षांत. यात मानधन बसणार कसं?