मधमाशी किती दिवस जगते, आणि मधमाश्या खरंच संपत चालल्या आहेत का?

तुम्ही एका दमात चार गोष्टी विचारल्यात: मधमाशीचं आयुष्य किती, त्यातले टप्पे कोणते, त्या नष्ट होतायत हे खरं का, आणि मदत म्हणून घरी एक पेटी ठेवावी का. माझ्याकडे गेली नऊ वर्षं मधपेट्या आहेत. दोनाच्या सात झाल्या, आणि एका थंडीनंतर सातातल्या तीनच उरल्या. ते कसं झालं ते पुढे येईलच.

आयुष्याचा एकच आकडा सांगता येत नाही. फुलोऱ्याच्या ऐन हंगामात जन्मलेली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत संपते. थंड हवामानात, हिवाळ्याच्या तोंडावर जन्मलेली कामकरी मात्र चार ते सहा महिने काढते. राणी दोन ते पाच वर्षं जगते. नराला काही आठवडे मिळतात, आणि मीलन जमलंच तर तो तिथेच हवेत मरून खाली पडतो. राणी आणि कामकरी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून येतात हे लक्षात घेतलं, तर हा फरक जास्तच चक्रावून टाकतो.

अंडं म्हणजे तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, दीडेक मिलिमीटरची पांढरी काडी. राणी ते पोळ्यातल्या एकेका कोठडीच्या तळाला चिकटवते. पहिल्या दिवशी ते ताठ उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. पेटी उघडल्यावर हजारो माश्यांत राणी शोधत बसण्यापेक्षा मी पोळ्याची लाकडी चौकट उन्हाकडे तिरपी धरून उभी अंडी शोधते. ती दिसली की राणी कालपर्यंत तरी इथे होती, एवढं पक्कं कळतं.

तिसऱ्या दिवसाअखेर अळी बाहेर पडते आणि दाई माश्या तिला भरवायला लागतात. डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरणारं हे दुधट खाद्य पहिले दोन-तीन दिवस सगळ्या अळ्यांना मिळतं. पुढे कामकरी होणाऱ्या अळीला मध आणि पराग कालवलेला साधा खाऊ सुरू होतो. राणी व्हायची असते तिला मात्र तेच दुधट खाद्य, म्हणजे रॉयल जेली, शेवटपर्यंत आणि भरपूर मिळतं. तिची कोठडीही वेगळी असते, भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी. जनुकं सारखीच, पण खाण्यामुळे त्यातली कुठली चालू राहणार आणि कुठली बंद, हे ठरतं. एकीला मोठं अंडाशय आणि वर्षानुवर्षांचं आयुष्य, दुसरीला परागाच्या टोपल्या असलेले पाय आणि सहा आठवडे.

पाच-सहा दिवसांत अळीचं वजन हजारपटीच्या घरात जातं. मग कामकरी माश्या कोठडीवर मेणाचं झाकण घालतात, आणि आत कोष होऊन माशी घडते. अंडं घातल्यापासून बाहेर येईपर्यंत राणीला 16 दिवस लागतात, कामकरीला 21 आणि नराला 24. हे आकडे युरोपीय मधमाशीचे. सातेरीचे, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाशीचे, दिवस थोडे कमी भरतात. आकडे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या भानगडी त्यांच्याभोवतीच फिरतात.

जन्म बघायचा असेल तर चौकट पाच मिनिटं शांतपणे धरून ठेवावी लागते. आधी झाकणाला टाचणीएवढं भोक पडतं. त्यातून मिशी बाहेर येते, आत जाते, परत येते. माशी आतून कड कुरतडत राहते, आणि वरून जाणाऱ्या बहिणी तिला तुडवत निघून जातात, मदत कोणी करत नाही. अखेर डोकं बाहेर येतं, मग खांदे, आणि ओलसर राखाडी लव असलेली, धड चालताही न येणारी माशी बाहेर पडते. तिचं पहिलं काम म्हणजे सफाई; नव्या अंड्यांसाठी कोठड्या चाटून लख्ख करायच्या.

तिथून तिची नोकरी वयाप्रमाणे बदलत जाते. साधारण चौथ्या दिवसापासून ती दाई. बाराव्या दिवसाच्या आसपास दूध आटतं आणि पोटाखालच्या मेणग्रंथी चालू होतात, की ती गवंडी. मग मकरंद उतरवून घेणं, पंखांनी वारा घालणं, मेलेल्यांना बाहेर टाकणं, दारावर पहारा. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर ती फुलांवर जायला लागते आणि उरलेले दोन-तीन आठवडे पंख फाटेपर्यंत उडते. एवढ्या सगळ्यात तिच्या वाट्याचा मध भरतो चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा.

नरांबद्दल थोडक्यात. फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो, त्यामुळे त्याला बाप नसतो, आजोबा मात्र असतात. नांगी नाही, घरकाम नाही. तरुण राणी उडत उडत दहा-वीस नरांशी मीलन करते आणि ते शुक्राणू पोटातल्या पिशवीत जन्मभर जपून वापरते. नंतर ती पुन्हा बाहेर पडते ती बहुधा घर सोडतानाच: वसाहत फार वाढली की जुनी राणी निम्म्याअर्ध्या माश्या घेऊन निघते, आणि मागे राहिलेल्या घरात नवी राणी जन्माला येते. नवी बाहेर आली की आधी कोठड्यांत बंद असलेल्या आपल्या बहिणींना नांगीने मारते.

आता धोके. लोक कीटकनाशक, मोबाइलचे टॉवर, हवामान अशी यादी वाचून दाखवतात. टॉवरमुळे वसाहती कोसळतात असा ठोस पुरावा माझ्या वाचनात नाही. बाकीचे धोके मला यादीसारखे दिसत नाहीत, कारण बहुतेक सगळे शेवटी एकच करतात: माशीच्या आयुष्यातले थोडे दिवस कापतात.

थोडे दिवस कापले तर काय होतं, याचा ढोबळ हिशोब करू. चांगली राणी हंगामात दिवसाला 1500 अंडी घालते. सगळ्या जगल्या आणि प्रत्येकीला 40 दिवस मिळाले, तर पेटीत 60,000 माश्या. त्यातल्या कोठडीतून बाहेर येऊन 21 दिवस उलटलेल्या, म्हणजे फुलांवर जाणाऱ्या, 19 दिवसांच्या पिढ्या: 28,500. आता आयुष्य 30 दिवसांवर आलं असं धरा. एकूण माश्या 45,000, म्हणजे पेटी वरून भरलेलीच दिसते. पण कमावत्या उरतात 13,500. आयुष्य 25 दिवसांवर आलं तर कमावत्या फक्त 6,000, आणि खाणारी तोंडं घरात तेवढीच. मग वसाहत दाई माश्यांना वेळेआधी बाहेर पाठवते. त्या कच्च्या असतात, वाट चुकतात, आणखी लवकर मरतात. मागे अळ्यांना भरवायला कोणी उरत नाही. महिनाभर सगळं ठीक दिसतं आणि पंधरा दिवसांत घर बसतं, ते यामुळे. 2006-07 च्या हिवाळ्यात अमेरिकेत अशा असंख्य पेट्या सापडल्या: राणी आत, अळ्या आत, मध आत, आणि कामकरी माश्या गायब. त्याचं एकच कारण आजतागायत कोणाला दाखवता आलेलं नाही, आणि वरचा हिशोब पाहता एकच कारण असायची गरजही नाही.

दिवस कापणाऱ्यांत सगळ्यात वाईट म्हणजे व्हरोआ नावाचा माइट, म्हणजे गोचिडीसारखा बारीक परजीवी. दीडेक मिलिमीटर रुंद, तांबूस, चपटा, छोट्या खेकड्यासारखा. अळीच्या कोठडीवर झाकण पडायच्या जरा आधी मादी आत शिरते आणि खाद्यात बुडी मारून बसते. झाकण पडल्यावर अडीच-तीन दिवसांनी ती पहिलं अंडं घालते, त्यातून नर निघतो. मग साधारण तीस तासांनी एक याप्रमाणे माद्या. भाऊबहिणींचं मीलन त्या बंद खोलीतच उरकतं. माशी बाहेर पडेल तेव्हा ज्या मुली पूर्ण वाढलेल्या असतील त्या तिच्याबरोबर बाहेर येतात, अर्धवट राहिलेल्या मरतात. म्हणून माइटला नरांच्या कोठड्या जास्त आवडतात: नर झाकणाखाली कामकरीपेक्षा दोन-तीन दिवस जास्त राहतो आणि तेवढ्यात एखादी मुलगी जास्त तयार होते.

हा माइट मूळचा सातेरीच्या कुळातला, म्हणजे आशियाई मधमाशीवरचा. तिच्या घरात तो मुख्यतः नरांच्याच कोठड्यांत वाढू शकतो, शिवाय त्या माश्या त्याला अंगावरून खुडून काढतात, त्यामुळे दोघांचं इतक्या काळात जुळून गेलंय. विसाव्या शतकात माणसांनी युरोपीय मधमाश्यांच्या पेट्या आशियात नेल्या आणि माइटला असं घर सापडलं जिथे कामकरींच्या कोठड्याही त्याला खुल्या होत्या. पूर्वी वाटायचं तो माशीचं रक्त पितो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की तो मुख्यतः तिच्या शरीरातल्या चरबीपेशी खातो. थंडीतल्या माशीचं चार-सहा महिन्यांचं आयुष्य त्याच साठ्यावर चालतं. वर पंख वाकडे करणारा विषाणू तो टोचून जातो ते वेगळंच.

माझ्या चार पेट्या अशाच गेल्या. मध काढून झाला होता, पेट्या माश्यांनी ओसंडत होत्या, मी खुशीत. दाराच्या फळीवर दोन-तीन माश्या चालताना दिसल्या, पंख सुरकुतलेले, चुरगळलेल्या कागदासारखे. मला वाटलं नवजात असतील, वाळतील पंख. नुकत्याच जन्मलेल्या माशीला फळीवर यायचं काही कारणच नसतं, हे तेव्हा सुचलं नाही. थंडीत झाकण उचललं तर कापलेल्या लिंबाएवढा माश्यांचा गोळा, मधोमध राणी, आणि बाजूला न खाल्लेल्या मधाच्या चौकटी. बाकी तीन पेट्यांत तर तेवढंही नव्हतं.

कीटकनाशकाने फळीवर माश्यांचा सडा पडतो तेव्हा ते निदान दिसतं. पण निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं झाडाच्या अंगात भिनतात आणि परागात, मकरंदात उतरतात. थोड्या मात्रेने माशी मरत नाही, पण घरची वाट विसरते. 2012 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक इलेक्ट्रॉनिक चकत्या चिकटवून हे मोजलं: मात्रा दिलेल्या माश्या कमी संख्येने परत आल्या. परत न आलेली माशी मेलीच, कारण एकटी मधमाशी जगत नाही. 2018 मध्ये युरोपीय संघाने या गटातल्या तीन रसायनांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली.

भूक हा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. मैलोन्‌मैल एकच पीक असेल तर पंधरा दिवस मेजवानी आणि मग उपास. परागात प्रथिनं असतात. ती तुटली की दाईचं दूध आटतं, अळ्या खुरटतात, आणि जन्माला येणारी माशीच कमी दिवसांची निघते. बांधावरचं ‘तण’ म्हणून जे साफ करतात, तेच बहुतेकदा त्या उपासाच्या दिवसांतलं जेवण असतं.

रोगांतला एकच सांगते, अळ्या कुजवणारा अमेरिकन फाउलब्रूड. कुजलेल्या अळीत आगपेटीची काडी बुडवून हळूच वर ओढली तर तपकिरी चिकट तार येते. त्याचे बीजाणू चाळीस वर्षांनंतरही जिवंत राहू शकतात, म्हणून कोणी जुन्या चौकटी फुकट दिल्या तरी घेऊ नका.

आता, मधमाश्या संपत चालल्यात का? पाळीव मधमाश्या नाही. जगभरातल्या पेट्यांची संख्या 1961 पासून वाढलीच आहे, कारण मेलेल्या वसाहतींच्या जागी पाळणारे उरलेल्या वसाहती विभागून नव्या करतात. मरण खूप, पण भरतीही चालू. ज्यांना कोणी पाळत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या 20,000 हून अधिक जाती आहेत, त्यातल्या बहुसंख्य एकट्या राहणाऱ्या, जमिनीत किंवा पोकळ काडीत घर करणाऱ्या. त्यांची भरती करायला कोणी नाही. आणि ‘मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल’ हे आइन्स्टाइनच्या नावावर फिरणारं वाक्य त्याने म्हटल्याचा काही पुरावा नाही. गहू, तांदूळ, मका वाऱ्यावर किंवा स्वतःच्या परागावर भागवतात. फळं, भाज्या, तेलबिया यांचं मात्र खूप नुकसान होईल.

तेव्हा, मदत म्हणून पेटी ठेवू नका. जिथे फुलं कमी तिथे तुमच्या पन्नास हजार माश्या त्या एकट्या माश्यांच्या तोंडचाच घास काढतील. वेगवेगळ्या वेळी फुलणारी झाडं लावा, एखादा कोपरा उघड्या मातीचा ठेवा, फवारणी टाळता येत नसेल तर फुलोरा सोडून आणि माश्या घरी परतल्यावर करा.

पेटी ठेवायचीच असेल, हौस म्हणून, तर आधी माइट मोजायला शिका. ज्या चौकटीवरून माश्या घेणार तिच्यावर राणी नाही ना, हे दोनदा बघा. अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण 300, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, वरून दोन चमचे पिठीसाखर टाका, बरणी हलक्या हाताने फिरवा आणि दोन मिनिटं सावलीत ठेवा. मग पांढऱ्या ताटावर उलटी करून झटका. साखरेवर पाणी शिंपडलं की ती विरघळते आणि तांबूस ठिपके उरतात. नऊपेक्षा जास्त दिसले तर उपचार पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. पांढऱ्याफटक माश्या पेटीत परत सोडा. बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात, आणि थोड्या वेळाने कुठल्या त्या 300 होत्या ते ओळखूही येत नाही.