वीज गेली आणि अपडेट अर्धवट राहिलं

प्रश्न : नमस्कार ताई. मी निवृत्त शिक्षक, देवरुखजवळच्या एका गावात वाचनालय सांभाळतो. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. परवा अपडेट चालू असताना वीज गेली. आता काहीही इन्स्टॉल करायला गेलं की कधी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ येतं, तर कधी ‘कुड नॉट गेट लॉक’. भाचा म्हणतो, लॉकची फाइल उडवा, नाहीतर सगळं फॉरमॅट करा. सभासदांची नोंद त्यातच आहे हो!

उत्तर : गुरुजी, भाच्याला आधी चहा द्या आणि कीबोर्डपासून लांब बसवा.

लॉकची फाइल उडवायची नाही. लॉक म्हणजे एका वेळी एकाच प्रोग्रॅमने इन्स्टॉल करावं यासाठीचं कुलूप. हे मी स्वतः हात भाजून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी घाईत ती फाइल उडवली. तेव्हा मागे आपोआप अपडेट चालूच होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. डीपीकेजी म्हणजे उबंटूत पॅकेजं (प्रोग्रॅमच्या फाइलींचे गठ्ठे) बसवणारा प्रोग्रॅम. असे दोन डीपीकेजी एकाच नोंदवहीत लिहायला बसले. ती नोंदवही म्हणजे ‘/वार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ ही फाइल. कुठलं पॅकेज कुठल्या अवस्थेत आहे ते तिच्यात असतं. माझ्या नोंदवहीचा पार चिवडा झाला. ‘/वार/बॅकअप्स’मध्ये आदल्या दिवशीची प्रत सापडली म्हणून निभावलं, तरी त्या दिवशी जेवण चार वाजता झालं.

खरं तर लॉक त्या फाइलीत नसतंच, चालू प्रोग्रॅमच्या हातात असतं. वीज गेली तेव्हाच ते सुटलं. आता दिसतंय ते नवं आहे: मशीन चालू झालं की उबंटू स्वतःच अपडेट करू लागतं. संदेशात ‘अनअटेंडेड-अपग्र’ असं तुटकं नाव असेल तर तेच. पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुस्तकं लावा.

मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून (इथे देवनागरीत छापतोय, टाइप अर्थात इंग्रजीत करायचं):

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

पॅकेज बसतं दोन टप्प्यांत. आधी फाइली उलगडून जागेवर ठेवायच्या, मग त्यांची जुळणी करायची. मखराचे भाग गणपतीच्या आदल्या रात्री ओटीवर आले, पण बांधायचे राहिले, तशी तुमची गत आहे. ही आज्ञा राहिलेली बांधणी पूर्ण करते. मध्येच जुनी सेटिंग ठेवू की नवी, असं विचारलं तर एन दाबा, जुनी राहील.

त्यानंतर :

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

एखादं पॅकेज दुसऱ्या कशावर अवलंबून असेल आणि ते आलंच नसेल, तर ही आज्ञा ते आणते. मात्र कधी कधी जुळवण्यासाठी पॅकेजं काढायलाही सुचवते. ‘विल बी रिमूव्हड’खालची यादी वाचल्याशिवाय वाय दाबू नका. ‘व्हेरी बॅड इनकन्सिस्टंट स्टेट’ असं एखाद्या पॅकेजबद्दल आलं, तर फाइली उलगडतानाच वीज गेली असं समजा आणि तेवढंच पॅकेज ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’पुढे त्याचं नाव लिहून पुन्हा बसवा.

जुन्या मशीनवर आणखी एक संशय: जागा. ‘डीएफ -एच’ लिहून ‘/बूट’ची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या जागेची, ओळ पाहा. शंभर टक्के भरलं असेल तर जुने कर्नल (उबंटूच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) साचलेत, आणि ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ त्यांना बाहेर काढतं. मूळ ‘/’, म्हणजे डिस्कवरची मुख्य जागा, भरलं असेल तर ‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवून ठेवलेल्या पॅकेज फाइली जातात.

सभासदांची नोंद होम फोल्डरमध्ये साध्या स्प्रेडशीटमध्ये असेल तर डीपीकेजी तिला शिवतही नाही. तरी आधी पेनड्राइव्हवर प्रत घ्या. फॉरमॅटचा विषय भाच्याने काढला की हीच ओळ वाचून दाखवा.

अडलंच तर स्क्रीनचा फोटो पाठवा, पण नुसत्या शेवटच्या ओळीचा नको. ती फक्त रडते. खरं कारण तिच्या वरच्या आठ-दहा ओळींत असतं.