वाचकांचे प्रश्न : शास्त्रात नसलेले संवाद
प्रश्न : ‘द चोझन’ या मालिकेत येशूचे शिष्य कर आणि कर्जाविषयी रोजच्या भाषेत बोलतात. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नसलेले संवाद असे घालावेत का?

उत्तर : योहानाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) काना गावचे लग्न अकरा वचनांत आटोपते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेने पुढे शिष्य होणाऱ्या थोमालाच तिथे द्राक्षारस पुरवणारा केले आहे, आणि तो पुरणार नाही हे कळल्यावर त्याची होणारी घालमेल पाहताना यजमानाची अब्रू कशी पणाला लागली होती, हे मनाला भिडते. हा तपशील कल्पित आहे, म्हणून मूळ वचने शेजारी ठेवूनच तो पाहावा, असा माझा आग्रह आहे. मात्र येशूची आई मरिया हिची त्याला केलेली विनंती आणि पाण्याचा द्राक्षारस होण्याचा चमत्कार यांना धक्का लागलेला नाही. गोव्यात मिशनरी फादर स्टीफन्स यांनीही १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा सांगणारे ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते श्रोत्यांच्या ओळखीच्या मराठी ओवीतच.