घर मागे ठेवून दोन वर्षांसाठी निघताना

तुमचा प्रश्न नीट वाचला. शाळेत गणित शिकवता, परदेशात शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामासाठी दोन वर्षांकरता स्वयंसेवक म्हणून निवड झालीय, चार महिन्यांनी निघायचंय, घरी आईवडील दोघंच राहणार. आणि तुम्ही विचारलंय, तयारी कुठून सुरू करू, सामानात काय काय घेऊ. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. अशाच दोन वर्षांच्या कामासाठी एका जिल्हा रुग्णालयात आले होते. करार संपल्यावर तिथेच नोकरी मिळाली, आता नववं वर्ष चालू आहे. सामानाचं शेवटी सांगते, ते सगळ्यात सोपं आहे.

आधी कामाचं. रुजू झाले त्या दिवशी मला प्रयोगशाळा दाखवली. कोपऱ्यातल्या टेबलावर काहीतरी मोठं, पांढऱ्या विणलेल्या रुमालाने झाकलेलं होतं. रुमाल उचलला तर खाली रक्ततपासणीचं स्वयंचलित यंत्र. माझ्या आधीच्या स्वयंसेवकाने खूप खटपट करून ते मिळवलं होतं, आणि तो होता तोवर ते चाललंही. पण त्याला लागणारी रसायनं एकाच कंपनीची, तीही बाहेरून मागवायची. ती कशी मागवायची, कुणाची सही घ्यायची, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो गेला, काही आठवड्यांत रसायनं संपली. धूळ बसू नये म्हणून तिथल्या मावशींनी रुमाल घातला. दर शनिवारी तो धुऊन पुन्हा घातला जात होता. शेजारच्या टेबलावर तिथला तंत्रज्ञ साध्या मायक्रोस्कोपवर मलेरियाच्या स्लाइड बघत बसला होता. थिक स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा जाड थेंब, निगेटिव्ह लिहायच्या आधी निदान 100 फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारे भाग, बघायची असतात. तो ती न चुकता बघायचा, आणि माझ्यापेक्षा लवकर बघायचा.

तो रुमाल मी कधी विसरले नाही. म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते: संस्थेला आजच दोन प्रश्न लिहून पाठवा. या जागेवर माझ्या आधी कोण होतं, आणि त्यांच्याशी मला बोलता येईल का? आणि तिथला कोणता शिक्षक माझ्या जोडीला असेल, मी निघाल्यावर हेच काम पुढे कोण बघणार? दुसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव मिळालं तर जागा चांगली आहे असं समजा. ‘ते तुम्ही आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण करारावर सही करण्याआधी पाठपुरावा करा. दोन वर्षं राबून मागे काहीच उरलं नाही, तर ते फार जिवाला लागतं. मी अशी माणसं पाहिली आहेत.

संस्था कशी आहे हे ओळखायच्या काही खुणा आहेत. नावाजलेल्या दीर्घ मुदतीच्या कार्यक्रमांत तुमच्याकडून पैसे घेत नाहीत, उलट राहण्याखाण्यापुरता भत्ता देतात. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक यंत्रणा 1970 पासून आहे, ती दरमहा निर्वाह भत्ता देते. ब्रिटनमधली व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था 1958 मध्ये सुरू झाली तेव्हा नुकती शाळा संपवलेली मुलं पाठवायची. पुढे तिने हातात कौशल्य आणि अनुभव असलेली माणसं पाठवायला सुरुवात केली. हा बदल मला फार बोलका वाटतो. अमेरिकेचा पीस कोअर हा सरकारी स्वयंसेवक कार्यक्रम 1961 चा. तो फक्त त्यांच्या नागरिकांसाठी आहे, पण त्यांच्या मुदतीची मांडणी बघण्यासारखी आहे: 27 महिने, त्यातले पहिले 3 महिने निव्वळ भाषा आणि कामाचं प्रशिक्षण. तुमच्या संस्थेने सुरुवातीला भाषेसाठी किती दिवस ठेवलेत ते बघा. एक आठवडा म्हणत असतील तर वाढवून मागा.

आणखी एक. तुमचं काम मुलांच्या आसपासचं आहे. संस्थेने तुमच्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागितला नसेल, तर ती सवलत समजू नका. जिथे तुमची चौकशी होत नाही तिथे कुणाचीच होत नसते. ‘थोडे दिवस अनाथाश्रमातही मदत करा’ असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. आईवडील हयात असलेली मुलं केवळ पाहुणे आणि देणग्या मिळवण्यासाठी अशा ठिकाणी आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची मुलांची तस्करी म्हणून दखल घेतली होती.

आता तब्येत, आणि इथे तुमचे चार महिने फार झपाट्याने संपतील. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. म्हणजे आज सुरू केली तरी तिसरा डोस तिकडे पडतो. कमी दिवसांत बसवायचं वेळापत्रकही असतं, ते डॉक्टरांना विचारा, पण याच आठवड्यात जा. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागणाऱ्या देशात जात असाल तर प्रमाणपत्र लस घेतल्यापासून 10 दिवसांनी ग्राह्य होतं. जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे ते प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टच्या बरोबरीने जपा. रेबीजची लस लोक टाळतात, कुत्रा चावला तर बघू म्हणतात. टाळू नका. आधी आठवड्याच्या अंतराने दोन डोस घेतलेले असतील तर चावल्यानंतर लशीचे मोजके डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज राहत नाही. आणि आडगावात नेमकं तेच मिळत नाही. आमच्या रुग्णालयात ते कित्येक महिने नसायचं.

मलेरियाच्या गोळ्या जागेप्रमाणे बदलतात. मेफ्लोक्विन लिहून दिलं तर ते निघायच्या 2 ते 3 आठवडे आधी सुरू करतात. त्यातून काहींना भयंकर स्वप्नं पडतात, मन खचतं. असं काही होणार असेल तर घरीच कळावं, डॉक्टर जवळ असताना गोळी बदलता यावी. पूर्वी कधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तो सांगायला लाजू नका, ही गोळी तुमच्यासाठी नाही. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी सुरू केली तरी चालते, पण मलेरियाच्या भागातून निघाल्यावर 4 आठवडे चालू ठेवायची. ती घेताना ऊन बाधतं. रोजची औषधं असतील तर मूळ वेष्टनात ठेवा आणि चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या, ब्रँड देशागणिक बदलतो. काही वेदनाशामकं आणि मानसोपचाराची औषधं काही देशांत नेता येत नाहीत, ते वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. आणि दात! निघण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊनच या. मी गेले नाही. पाचव्या महिन्यात दाढ सुजली आणि दोन दिवसांचा प्रवास करून राजधानी गाठावी लागली.

विम्याची पॉलिसी पर्यटनाची नको, कामाची हवी. आजारी पडल्यावर तुम्हाला दुसऱ्या देशात हलवायचं की नाही हे कोण ठरवतं, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, एवढं त्यात शोधा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करू नका. पगार नसला तरी बरेच देश त्याला काम समजतात. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिने हवी. पदवीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का, लागेल, मात्र तो देश 1961 च्या हेग करारात नसेल तर वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. सगळ्या कागदांवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना ते आज तपासा.

खरं बोलायचं आहे ते घराबद्दल. तुम्ही सामानाबद्दल तीन ओळी लिहिल्यात आणि आईवडिलांबद्दल एक, पण ती एक ओळ वाचून मला कळलं की घोर कसला आहे.

घर तुमच्यावाचून चालेल अशी व्यवस्था करायला वेळ लागतो. आज घरातलं काय काय तुमच्यामुळे चालतं ते आठवडाभर टिपून ठेवा. विजेचं बिल कोण भरतं, वडिलांची औषधं कोण आणतं, त्यांच्या फोनवर काहीतरी अडकलं की ते कुणाला हाक मारतात, गॅसवाल्याचा नंबर कुणाकडे आहे. मग एकेक काम दुसऱ्या कुणाकडे सोपवा, आणि मुख्य म्हणजे निघायच्या सहा आठवडे आधीच सोपवा. त्या सहा आठवड्यांत तुम्ही घरी असूनही त्या कामांना हात लावायचा नाही. कुठे अडतंय ते तेव्हाच कळतं. मी हे केलं नाही. सगळं वहीत लिहून ठेवलं आणि आले. वही कपाटात राहिली आणि फोन मला येत राहिले.

बँकेचं तर माझ्या फारच अंगाशी आलं. खात्याला माझा घरचा मोबाइल नंबर जोडलेला होता. इथे त्याला रेंज मिळायची ती फक्त रुग्णालयाच्या पाण्याच्या टाकीवर. आईच्या तपासण्यांचे पैसे पाठवायचे होते, मी लोखंडी शिडीने टाकीवर चढले, एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने फोन उंच धरला, आणि ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत उलटून गेली होती. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा खातं 24 तासांसाठी बंद झालं. तेव्हा बँकेत स्वतः जा, परदेशात असताना व्यवहाराची खात्री कशी करणार हे विचारा, आणि ती पद्धत निघण्याआधी एकदा वापरून बघा. नंबर बंद पडू नये म्हणून काय करावं लागतं तेही विचारून ठेवा. आईवडिलांपैकी एकाबरोबर संयुक्त खातं उघडा, सहा महिन्यांचा खर्च त्यात ठेवा. हप्ते ऑटो-डेबिटला लावा. मुखत्यारपत्र करायचं असेल तर कुलमुखत्यारपत्र देण्यापेक्षा ठरावीक कामांपुरतं करा, वकिलाकडून. सगळीकडे नॉमिनी लावा आणि मृत्युपत्रही करा. हे लिहिताना मला जड जातंय, पण तुमच्या मागे आईवडिलांना खिडक्या-खिडक्यांवर उभं राहायला लागू नये. कराचंही बघून घ्या. बऱ्याच देशांत वर्षातले 183 दिवस हा रहिवासाचा मोठा निकष असतो.

नोकरी सोडण्याआधी बिनपगारी रजा मागा. नाही म्हणाले तरी निदान विचारलेलं असेल.

आता आईवडिलांशी बोलणं. ‘रोज फोन करीन’ असं वचन देऊ नका. पहिल्या दिवशी नेटवर्क गेलं की त्यांची रात्र जागरणात जाते. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा, आणि फोन नाही लागला तर किती दिवस काळजी करायची नाही हेही ठरवा. आम्ही तीन दिवस ठरवले होते. चौथ्या दिवशी संस्थेच्या कुणाला फोन करायचा, तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.

आणि एक प्रश्न घरात मोकळेपणाने विचारा: तुम्हा दोघांपैकी कुणाला काही झालं तर मी यावं का, आणि तोवर कोण येईल? माझी आजी मी इथे असताना गेली. करारात तातडीच्या तिकिटासाठी आईवडील, जोडीदार आणि मुलं एवढेच लिहिलेले होते. मी ते कलम सहीच्या वेळी वाचलंच नव्हतं. मला आजीनेच वाढवलं होतं, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? स्वतःच्या पैशाने निघाले, दोन गाड्या आणि दोन विमानं बदलून चौथ्या दिवशी पोचले. तेव्हा तुमच्या घरात ज्यांच्यासाठी तुम्ही धावत याल त्यांची नावं आताच संस्थेला कळवा, करारात बसतात का विचारा, आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे कशालाही हात न लावता बाजूला ठेवा.

पोचल्यावर पहिले तीन महिने काहीही बदलायला जाऊ नका. जोडीच्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसा, त्याला शिकवताना बघा. भाषा मात्र आजपासून शिका: नमस्कार, आकडे, आणि ‘कळलं नाही, परत सांगाल का?’ हे वाक्य. तुम्ही गणिताचे, तुम्हाला आकडे सगळ्यांत आधी लागतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मन खचेल. सकाळी उठावंसं वाटणार नाही, तिथल्या माणसांचा राग येईल, घरच्यांचाही येईल. मानववंशशास्त्रज्ञ कालर्व्हो ओबर्ग यांनी 1960 मध्ये या अवस्थेवर लिहिलं, ‘कल्चर शॉक’ हा शब्द रुळला तो त्यानंतर. त्यांनी पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी भारावलेपण, मग हा राग, मग हळूहळू सावरणं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर चौथ्या महिन्यात मी राजीनाम्याचा मसुदा लिहिला नसता. तो पाठवला नाही, कारण त्या आठवड्यात स्लाइड बघणाऱ्या त्या सहकाऱ्याने मला स्वतःहून विचारलं, त्या यंत्राची रसायनं मागवायचा अर्ज कसा लिहितात? आम्ही तो मिळून लिहिला. सही त्याची होती.

सामान: विमान कंपन्या बहुतेक 23 किलोची बॅग धरतात, त्यातले पाच किलो मोकळे ठेवा. चष्मा असेल तर दोन जादा. डोक्याला लावायची बॅटरी. आपल्या मापाचे चांगले बूट. घरच्यांचे छापलेले फोटो, कारण फोन बंद पडतो. कागदांच्या प्रती दोन ठिकाणी. बाकी तिथले लोक जे वापरतात ते तिथेच घ्या.

तर या आठवड्यात तीन गोष्टी: लस, बँक, आणि संस्थेला ते दोन प्रश्न. उत्तरात नाव आलं की नाही ते मला कळवा. आलं असेल तर त्या शिक्षकाला निघण्याआधीच एक पत्र कसं लिहायचं ते आपण बसून ठरवू.