आडेलहाइट, हायडी आणि आपला केतू

एका वाचक बाईंनी विचारलं आहे: त्यांची लेक नोकरीनिमित्त जर्मनीत राहते. खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. टपालपेटीवर त्यांचं नाव ‘आडेलहाइट’ असं आहे, पण अख्खी इमारत त्यांना ‘हायडी’ म्हणते. ही दोन नावं एकच का? नेटवर ‘उदात्त स्वभावाची’ असा अर्थ दिलाय, तो बरोबर का? आणि लेकीच्या वयाच्या एकाही जर्मन मैत्रिणीचं नाव आडेलहाइट कसं नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. हायडी हे आडेलहाइटचंच घरगुती रूप. रुक्मिणीची रखमा होते, तसंच. लिहिताना शेवटी ‘ड’ असतो, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ड’ बोलताना ‘ट’ होतो. मागे ‘ई’ लागली की तो शेवटचा राहत नाही आणि ‘ड’ पुन्हा ऐकू येतो. म्हणून हाइट, पण हायडी.

अर्थाचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं, कारण या नावाच्या पोटात आपल्या ओळखीचा एक शब्द बसला आहे.

जुनी जर्मॅनिक (जर्मन, इंग्रजी, डच ज्यातल्या, त्या भाषाकुळातली) नावं बहुधा दोन शब्दांच्या जोडाची असत. इथे पहिला ‘अदल’, म्हणजे कुळ, खानदान, थोर घराणं. आजच्या जर्मनमध्ये ‘आडेल’ म्हणजे सरदारवर्ग आणि ‘एडेल’ म्हणजे थोर, उमदा. आल्प्समधल्या पांढऱ्या फुलाचं नाव एडेलवाइस, त्यातला ‘एडेल’ हाच. आल्बर्ट हे नाव मुळात ‘अदलबेर्ट’, कुळाने तेजस्वी. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १९७५ पर्यंत ज्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांच्या नावाने होतं, त्यातला हा आल्बर्ट. आणि आपला हापूस आला ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून. ते नाव आयबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालात, गेलेल्या गॉथ या जर्मॅनिक लोकांचं. त्याच्या पहिल्या भागाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण एक जुनं आणि प्रचलित मत असं की तोही ‘अदल’च आणि दुसरा भाग ‘फुन्स’, म्हणजे तत्पर. हे मत धरलं तर हायडी आणि हापूस दूरचे नातेवाईक ठरतात.

खरी मौज दुसऱ्या भागात आहे. ‘हाइट’ हा शब्द आज जर्मनमध्ये एकटा वापरत नाहीत, पण प्रत्यय म्हणून तो पानोपानी भेटतो. ‘फ्राय’ म्हणजे मुक्त, ‘फ्रायहाइट’ म्हणजे मुक्तता. ‘श्योन’ म्हणजे सुंदर, ‘श्योनहाइट’ म्हणजे सौंदर्य. आपण ‘-ता’, ‘-पण’, ‘-त्व’ लावतो तसं. इंग्रजीत हाच शब्द ‘-हूड’ झाला: चाइल्डहूड, ब्रदरहूड. (डोक्यावर ओढायचा हूड वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) प्रत्यय होण्याआधी हा स्वतंत्र शब्द होता आणि त्याचा अर्थ होता रूप, रीत, दर्जा, माणसाची जात किंवा प्रकार. सगळ्या जर्मॅनिक भाषांच्या समाईक पूर्वज भाषेत त्याचं रूप ‘हाइदुझ’ असं असणार, असं मानतात.

या ‘हाइदुझ’चा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे ‘केतु’.

आपल्याला केतू म्हटलं की पत्रिकेतला राहूच्या समोरचा ग्रह किंवा फार तर धूमकेतू आठवतो. पण ऋग्वेदात ‘केतु’ म्हणजे उजेड, दिसणं, ओळखू येणारी खूण, ध्वज. ‘चित्’ धातूच्या घरातला हा शब्द, ‘चेतना’ आणि ‘चित्र’ याच घरातले. ग्रहशांतीत केतूसाठी जी ऋचा म्हणतात ती पहिल्या मंडलातली: ‘केतुं कृण्वन्नकेतवे पेशो मर्या अपेशसे’. उजेड नसलेल्याला उजेड देणारा, रूप नसलेल्याला रूप देणारा. मूळ ऋचेचा ग्रहाशी काही संबंध नाही, ‘केतु’ शब्द आला म्हणून ती तिथे नेमली गेली. पण उजेड आणि रूप या दोन कल्पना तिच्यात जोडीने आल्यात, आणि जे उजळतं ते दिसतं, जे दिसतं ते रूप, या वाटेने ‘केतु’चा अर्थ ‘हाइट’च्या अर्थापर्यंत सहज पोचतो.

‘क’चा ‘ह’ कसा झाला? जर्मॅनिक भाषांत हा बदल नियमाने होतो. आपलं ‘शत’ आणि इंग्रजी ‘हंड्रेड’ घ्या. मूळ शब्दात ‘क’सारखा ध्वनी होता, आपल्याकडे त्याचा ‘श’ झाला, लॅटिनमध्ये ‘केन्तुम’ म्हणून ‘क’ टिकला, जर्मॅनिकमध्ये ‘ह’ झाला. हा ग्रिमचा नियम. पण याच नियमाने ‘त’चा ‘थ’ व्हायला हवा होता, मग ‘हाइदुझ’मध्ये ‘द’ कुठून आला? १८७० च्या दशकात कार्ल वर्नर या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने त्याचं कारण दाखवलं. मूळ शब्दात त्या व्यंजनाच्या लगेच आधीच्या स्वरावर आघात असेल तर ‘थ’, नसेल तर पुढे जाऊन ‘द’. आणि तो हरवलेला आघात कुठे सापडला? वेदांच्या स्वरांत. ‘भ्रातृ’चा आघात आधी आहे, ‘पितृ’चा नंतर, म्हणून आजही जर्मनमध्ये ‘ब्रूडर’ आणि ‘फाटर’ यांतली व्यंजनं वेगळी आहेत (तिथे पुढे ‘थ’चा ‘ड’ आणि ‘द’चा ‘ट’ झाला). ‘केतु’चा आघात शेवटच्या ‘उ’वर आहे, म्हणून ‘हाइदुझ’मध्ये ‘द’ येणारच. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. वैदिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ करून जपलेल्या स्वरांनी जर्मन आजींच्या नावातलं एक व्यंजन उलगडून दिलं.

आता उपनिषदातला श्वेतकेतू आठवा. उद्दालक आरुणीचा मुलगा, ज्याला बाप ‘तत्त्वमसि’ सांगतो तो. त्याचं नाव आणि आडेलहाइट एकाच घडणीचे जोडशब्द आहेत, आणि दोघांचा दुसरा भाग एकच. शिवाय ‘श्वेत’ आणि जर्मन ‘वाइस’ (पांढरा) हेही एकाच मुळातले. म्हणजे एडेलवाइसचा पहिला भाग आडेलहाइटकडे आहे आणि दुसरा श्वेतकेतूकडे.

मग ‘उदात्त स्वभावाची’ हा अर्थ बरोबर का? जवळपास बरोबर, पण ‘स्वभाव’ हा शब्द मला खटकतो. ‘थोर घराण्यात शोभेल अशी’, आपल्या भाषेत ‘कुलीन’, हे अधिक जवळचं. त्यातही एक सांभाळायला हवं. जर्मॅनिक लोक दोन शब्द जोडताना त्यातून सलग अर्थ निघावा असा हट्ट धरत नसत. ‘फ्रेडेगुंड’ म्हणजे शांती अधिक युद्ध. ‘हिल्डेगुंड’ म्हणजे युद्ध अधिक युद्ध. आजीच्या नावातला एक तुकडा, बापाच्या नावातला एक, असं करून नातीचं नाव तयार होई. त्यामुळे अशा नावाचा विग्रह करावा, पण त्यावरून माणसाचा स्वभाव सांगू नये.

नावाला मोठेपण आलं ते दहाव्या शतकात. बर्गंडीच्या राजाची मुलगी आडेलहाइट, जन्म साधारण ९३१ चा. इटलीच्या राजाशी लग्न झालं, तो ९५० मध्ये वारला. गादी बळकावणाऱ्याने हिला कैदेत टाकलं. ती तिथून निसटली आणि ९५१ मध्ये जर्मनीच्या ओटो राजाशी तिचं लग्न झालं. ९६२ मध्ये रोमला दोघांचा सम्राट-सम्राज्ञी म्हणून अभिषेक झाला. पुढे नातू लहान असताना तिने राज्यकारभारही पाहिला. ९९९ च्या डिसेंबरात ती वारली आणि १०९७ मध्ये पोपने तिला संतपद दिलं.

तिच्या नावाची चांदीची नाणी त्या काळात ढिगाने पाडली गेली. हार्त्स डोंगरातल्या खाणींची चांदी, एका बाजूला क्रूस आणि त्याच्या चार कोनांत ‘ओ, डी, डी, ओ’ अशी ओटोची चार अक्षरं, दुसऱ्या बाजूला लाकडी चर्चचं चित्र आणि भोवती राणीचं नाव. ते नाव कसं कोरलंय? ए, टी, ई, ए, एच, एल, एच, टी. अक्षरं गाळलेली, जागा बदललेल्या, पण ‘ड’च्या जागी स्पष्ट ‘टी’. नखाएवढ्या नाण्यावर कारागिराने उमटवलेलं हे नाव, हजार वर्षांपूर्वीचं.

राणी आणि संत दोन्ही एकाच नावात आल्यावर ते घरोघरी गेलं नसतं तरच नवल. मध्ययुगात जर्मन मुलखात आडेलहाइट हे बायकांच्या सर्वांत रुळलेल्या नावांपैकी होतं. कीवची राजकन्या युप्राक्सिया सम्राट चौथ्या हाइनरिखला दिली, तेव्हा लग्नानंतर तिचंही नाव बदलून आडेलहाइट ठेवलं. लग्नात सुनेचं नाव बदलणं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

आणि जे नाव रोज हजारो तोंडांत घोळतं ते झिजतं. फ्रान्समध्ये ‘ह’ गेला, मग दोन स्वरांमधला ‘द’ गेला: आदेलाइस, आअलीस, अलीस. इंग्लंडला पोचेपर्यंत ‘ॲलिस’ झालं. स्वरांमधलं व्यंजन असं विरघळतं हे मराठी माणसाने सहज ओळखावं. ‘नगर’चं प्राकृतात ‘णअर’ झालं आणि मराठीत ‘नेर’: अंमळनेर, जामनेर, पारनेर. राजकुलाचं राउळ तसंच झालं. डच लोकांनी ‘अलेइडा’ केलं, उत्तर जर्मनीत ‘एल्के’ झालं. एल्के आणि ॲलिस शेजारी ठेवले तर कोण म्हणेल एका आईच्या लेकी!

ॲलिस इंग्लंडमध्ये तेराव्या शतकाच्या आसपास अगदी घरगुती नाव होतं, नंतर मागे पडलं आणि एकोणिसाव्या शतकात परत आलं. व्हिक्टोरिया राणीने १८४३ मध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव ॲलिस ठेवलं. बापाचं नाव आल्बर्ट, लेकीचं ॲलिस: जुन्या जर्मॅनिक रिवाजाप्रमाणे ‘अदल’ बापाकडून लेकीकडे आला, ठेवणाऱ्यांच्या ते मनातही नसेल. व्हिक्टोरियाच्या आधीची राणी, चौथ्या विल्यमची बायको, माइनिंगेनची जर्मन राजकन्या आडेलहाइट. इंग्रजीत तिला ॲडलेड म्हणत, आणि तिच्याच नावाने १८३६ मध्ये ऑस्ट्रेलियात शहर वसलं. अजित आगरकरने २००३ मध्ये ४१ धावांत ६ गडी बाद केले ते ॲडलेड.

आता हायडी. योहाना श्पीरी या स्विस लेखिकेची कादंबरी १८८० मध्ये आली, दुसरा भाग १८८१ मध्ये. डोंगरात आजोबांकडे वाढलेली पोर फ्रँकफर्टच्या श्रीमंत घरात येते तेव्हा तिथली कडक कारभारीण नाव विचारते. पोर सांगते, हायडी. बाईंना ते नाव वाटतच नाही. बाप्तिस्म्याचं नाव काय, म्हणून त्या पुन्हा विचारतात. पोरीला ते आठवतही नाही. शेवटी मावशी सांगते, आडेलहाइट, तिच्या आईचं नाव. तेव्हापासून त्या घरात कारभारीण तिला आडेलहाइट अशीच हाक मारते. पाळण्यातलं नाव आणि हाकेचं नाव यांत किती अंतर पडलं होतं, ते या प्रसंगात नेमकं दिसतं.

त्या पुस्तकाने हाकेचं नाव जगभर नेलं. अमेरिकेत हायडी हे नाव १९७० च्या दशकात सर्वांत जास्त चाललं. जर्मनीत १९४० च्या आगेमागे जन्मलेल्यांत हायडी, हाइडे, हाइडेमारी, एल्के यांची मोठी पिढी आहे. जर्मनीतल्या एखाद्या राज्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री हाइडे सिमोनिस, जन्म १९४३, त्याच पिढीतल्या. ‘हाइडे’ म्हणजे जर्मनमध्ये झुडपांचं माळरानही, त्यामुळे अनेकांना हे नाव रानफुलांचं वाटतं. तो ध्वनिसाम्याने झालेला समज आहे. पण नाव आवडण्याला त्याची मदत झाली असावी, असं मला वाटतं.

युद्धानंतर मात्र हिल्डेगार्ड, गेरट्रूड, आडेलहाइट ही सगळी दोन भागांची भारदस्त नावं एकदमच ओसरली. ती आजीची नावं झाली, जशी आपल्याकडे गोदावरी, द्वारका. म्हणून तुमच्या लेकीला तिच्या वयाची आडेलहाइट भेटत नाही. ॲलिस मात्र जोरात आहे. स्वीडनमध्ये अलीकडे अनेक वर्षं मुलींच्या नावांत ती पहिल्या क्रमांकावर राहिली, इटलीत ‘अलीचे’ म्हणून ती घराघरांत आहे. पूर्ण नाव टपालपेटीवर एकटं उरलं, पण त्याच्या झिजलेल्या रूपांनी पाळणे भरलेत.

लेकीला त्या आजींकडून एक गोष्ट जरूर विचारून घ्यायला सांगा. लहानपणी घरचे त्यांना ‘डी हायडी’ म्हणत की ‘डास हायडी’? ‘डी’ स्त्रीलिंगी, ‘डास’ नपुंसकलिंगी. स्वित्झर्लंडमध्ये आणि ऱ्हाइनकाठच्या बोलींत मुलींची नावं लाडाने नपुंसकलिंगी होतात, आणि कादंबरीतही ती ‘डास हायडी’च आहे. आपल्या कोकणीत लहान मुलीबद्दल ‘तें आयलें’ म्हणतात, मालवणीत ‘तां चेडू’, तीच ही माया. आजी त्या भागातल्या असतील तर उत्तर ‘डास’ येईल, असा माझा अंदाज आहे. कळवा.