घरात एकटी, तरी डोक्यावर स्कार्फ का?

प्रश्न: ताई, मी इंदूरची, रामबागेत राहते, सेकंड इयरला आहे. कॉलेजच्या ग्रुपमधे सध्या इराणी सिनेमे बघतोय आणि एक गोष्ट सारखी खटकते, बाई स्वैपाकघरात एकटी भांडी घासतेय तरी डोक्यावर स्कार्फ. खरंच घरात अशा राहतात का तिकडे? आणि दुसरं, राजवाड्याजवळच्या इमामबाड्यात मोहरमचा सरकारी ताजिया, म्हणजे ताबूत, बनतो त्यावर मोबाईलवर छोटा व्हिडिओ करायचाय, पण आई म्हणते नको त्या भानगडीत पडू. काय करू?

उत्तर: अगं नाही, घरच्या माणसांत कशाला कोण स्कार्फ बांधून बसेल. १९७९ च्या क्रांतीनंतर तिकडे नियम आला की पडद्यावर बाईचे केस दिसायचे नाहीत, कारण समोर बघणारे प्रेक्षक म्हणजे परके पुरुष. बाई-पुरुष कलाकारांनी एकमेकांना हात पण लावायचा नाही, म्हणजे मोठा झालेला मुलगा किती वर्षांनी घरी आला तरी आई त्याला जवळ घेऊ शकत नाही, आणि मला हे केसांपेक्षा जास्त लागतं. मग खोटं घर दाखवण्यापेक्षा बरेच दिग्दर्शक रस्त्यावर गेले, लहान मुलांकडे गेले, गाडीत बसले. इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामींनी २००२ च्या 'टेन' सिनेमामधे गाडीच्या डॅशबोर्डवर दोन छोटे डिजिटल कॅमेरे लावले, बाई गाडी चालवतेय, शेजारी माणसं बसतात, बोलतात, उतरतात, एवढंच. त्यात एक मुलगी आहे, ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो सोडून गेलेला, ती हळूहळू स्कार्फ मागे सारते आणि खाली केसच नाहीत, डोकं भादरलेलं. मी तो सीन थांबवून परत बघितला, घशात काहीतरी अडकलं होतं.

तिकडचेच दिग्दर्शक जाफर पनाहींवर तर २०१० मधे २० वर्षं सिनेमा करायची बंदी आली, त्यांनी घरातच शूट केलं, थोडं मोबाईलवर पण, आणि पुढे स्वतः टॅक्सी चालवत केलेल्या सिनेमाला २०१५ मधे बर्लिन फेस्टिवलचं सगळ्यात मोठं बक्षीस, गोल्डन बेअर, मिळालं. पण सगळे मुस्लिम देश एका मापाने मोजू नकोस हं. सौदीत २०१८ पर्यंत कितीतरी वर्षं थिएटरच नव्हती, तिथली दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर, तिला रियाधच्या रस्त्यावर पुरुषांमधे उभं राहता येईना म्हणून व्हॅनमधे बसून वॉकीटॉकीवर डायरेक्शन केलं तिनी, आणि इजिप्तमधे मात्र किती पिढ्या सिनेमावर वाढल्या.

आता तुझा व्हिडिओ. कर, नक्की कर. होळकरांच्या वेळची परंपरा आहे ती, आपल्याच गावची. फक्त पहिले चार-पाच दिवस मोबाईल पिशवीतच ठेव, नुसती जाऊन बस, कामट्या कशा तासतात, खळ कशी लावतात, कागद कुठे दुमडतात ते बघ, मग विचारून शूट कर. ज्या बायकांना चेहरा नकोय त्यांचा अजिबात घेऊ नकोस, आणि अपलोड करायच्या आधी त्या लोकांना दाखव. आणि आईला एक दिवस सोबत ने ना. दिवाळीला घरी आकाशकंदील केला असेल तिनी कधी, तर कामटी वाकवताना मोडू नये म्हणून ते काय करतात, हे तीच आधी विचारेल बघ, तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेव.